मशीन माझ्या नावावर

४ मार्च

धाकटे,

ताईचे आशीर्वाद. मी इथे हातापायाने धड आहे, तूही असशील असं धरून चालते. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र. अक्षर सुनेचं आहे. मी बोलते, ती लिहिते. मध्येच माझी वाक्यं सुधारायला जाते. तिला म्हटलं, बाई गं, सुधारलेली ताई धाकटीला ओळखू यायची नाही, आहे तशीच राहू दे.

(मावशी, नमस्कार. आई बोलतात तसंच लिहिते आहे. – सून)

सामान एकदाचं आलं. बोटीने यायला इतका वेळ लागला की मी ते मनातून सोडून दिलं होतं. बरं, आलं म्हणून घरी येत नाही. आधी कस्टमवाल्यांकडे जातं. ते पेट्या फोडतात आणि ज्याच्या नावावर सामान त्याला समोर उभं करतात. सामान माझ्या नावावर, तेव्हा मी उभी. सून शेजारी, त्यांची भाषा बोलायला. मोठं पत्र्याचं गोदाम, आत इतकं गार की बोलताना तोंडातून वाफ. कस्टमवाला तरणा होता, पण तोंड असं केलेलं की मी जणू त्याच्याच घरातून काही उचलून आणलंय.

इथला नियम असा. परदेशातून कायमचं राहायला आलेल्या माणसाला आपलं घरचं सामान बिनजकातीचं आणता येतं. पण ते वापरलेलं पाहिजे आणि स्वतःचं पाहिजे. नवंकोरं निघालं तर जकात. म्हणून तर निघायच्या आधी मी त्या नव्या चादरी आपटून आपटून धूत होते आणि तू म्हणत होतीस, ताई, चादरीवर कसला राग काढतेस? राग नव्हता, वापरलेल्या करत होते. पण एका चादरीची कंपनीची चिठ्ठी उसवायची राहिली. त्याने नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं.

सून म्हणाली, “आई, ते विचारतात ही नवी आहे का?”

म्हटलं, “सांग त्याला, मी चादर वापरते, चिठ्ठी वापरत नाही.”

हिने काय सांगितलं कोण जाणे, तो हसला आणि चादर सुटली. झाडू मात्र सुटला नाही. वाळक्या गवताचा आहे, त्यातून कीड येते म्हणे. एवढी पिकलेली बाई यांच्या देशात आलेली चालते, झाडू चालत नाही. लाकडी स्टूल उलटं करून टकटक वाजवून बघितलं, आत भुंगा बिंगा आहे का म्हणून. मी सुनेला म्हटलं, आता माझंही डोकं वाजवून बघतील.

(हे मी त्यांना सांगितलं नाही. – सून)

तर सगळं मिळालं. पातेली, गाद्या, भिंतीवरचं घड्याळ. आता एक वर्ष हे सामान विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही, देशाबाहेर धाडायचं नाही, अशी अट आहे. सही घेतली. मी म्हटलं, पातेली कोण घेणार आहे माझी, तळं काळी झालेली.

शिवणाचं मशीनही आलं. पेटीच्या कोपऱ्याला मार बसलाय, मशीनला नाही. चाक फिरतं. पट्टा सैल झालाय. कस्टमवाल्याने विचारलं हे कोणाचं, मी सांगितलं काय सांगायचं ते.

बाकी तुझ्या कामाचं चालू आहे. अशा गोष्टींना वेळ लागतो. उगाच घाई करू नकोस आणि कोणाला काही बोलू नकोस.

(मी विचारलं कोणतं काम, तर आई म्हणाल्या, तू लिही. – सून)

जेवणखाण वेळेवर कर. एकटीसाठी कोण करतं म्हणून नुसत्या चहावर राहायची सवय आहे तुला, ती माझ्या माघारी वाढवू नकोस. नात तुला पापा पाठवते आहे. मी पाठवत नाही, मला ते जमत नाही.

तुझी,
ताई


११ एप्रिल

धाकटे,

हे माझ्या हातचं आहे. सून कामावर गेलीय, नात शाळेत. मी शाळेत गेले त्यापेक्षा जास्त दिवस तर शाळेच्या भिंतीबाहेर गुरं राखली, तेव्हा अक्षर लागणार नाही तिथे अंदाजाने वाच. मीही अंदाजानेच लिहिलंय.

तुझं पत्र मिळालं. घरमालकाला सांगून टाकलंस की एप्रिलअखेर खोली सोडते. खाट शेजारच्या नर्सबाईंना दिलीस. शिवायला आलेलं कापड ज्याचं त्याला परत केलंस आणि बायकांना नाक्यावरच्या शिंप्याकडे जा म्हणालीस, ज्याच्या टाक्यांना तू आयुष्यभर नावं ठेवलीस. ट्रंक भरून दाराशी ठेवलीस. लिहितेस, “ताई, आता नुसती तुझ्या निरोपाची वाट बघतेय, खोलीत आवाज केला तर घुमतो.”

खोली सोडू नकोस.

हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण हात आधी दुसरीकडेच गेला. पत्र मिळेल त्या पावली घरमालकाकडे जा. सांग, माझं जायचं लांबलं. वाटल्यास सांग, ताई खोटारडी आहे. त्याला माझ्याबद्दल वाईट ऐकायला आवडतं, खोली राहू देईल.

इथे अजून थंडी आहे. सगळे लोक घरात शर्टावर आणि बाहेर गोधड्या पांघरून. रस्त्यावर कोणी कोणाकडे बघत नाही. मी समोरून येणाऱ्या प्रत्येकाकडे बघते, मग तो बिचारा घाबरून नमस्कार करतो. तुझं मशीन माझ्या खोलीत खिडकीशी आहे. सुनेने त्यावर फुलदाणी ठेवली. मी ती उचलून खाली ठेवते, संध्याकाळी ती परत वर आलेली असते. दोघी यावर एक अक्षर बोलत नाही.

किती वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसू?

तुझे इकडे यायचे कागद गेलेच नाहीत. जाणारही नाहीत. इथे आल्यावर मला कळलं. इथे मुलाला आईला आणता येतं, मावशीला आणता येत नाही. असा कायदा आहे. लेकाचा नाइलाज आहे, त्याला दोष देऊ नकोस. तुझ्या हातचे शर्ट घालून तो शाळेत गेला, हे त्याने इथल्या सरकारला सांगून काही उपयोग नाही.

मशीन आजच्या आज धाडलं असतं. पण वर्षभर सामान हलवायचं नाही म्हणून सही देऊन बसले आहे, तुला लिहिलंच होतं. नियम आड येतो. नियमापुढे मी कोण? तोवर नर्सबाईंच्या ओळखीने कोणाचं मशीन मिळतंय का बघ. नाहीतर हातशिलाई कर, तुझी हातशिलाई तर मशीनला लाजवते.

रागावशील. रागाव. पण खोली सोडू नकोस.

तुझी,
ताई


२० मे

धाकटे,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, कागदावर तीन वाक्यं. “खोली गेली. मी नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात झोपते. तुला कधी कळलं?”

ना वर ताई, ना खाली सही.

सुनेने पाकीट आणून दिलं आणि विचारलं, मावशी कशा आहेत? मी म्हटलं, बरी आहे. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आई, तुम्ही पत्र उलटं धरलंय.”

तिला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पण मावशींना आम्ही बोलावलंच नव्हतं, त्या खोली कशाला सोडतील?” तुला मी काय सांगत आले ते सांगितलं. तिने माझ्या हातातून पत्र घेऊन परत वाचलं. मग म्हणाली, “आई, हे तुम्ही केलंत?” तेव्हा मला कळलं की तिचं माझ्याबद्दल बरं मत होतं. आता नाही. एका परीने सुटले, ते सांभाळायचा ताणच होता.

तिनेच मला आणखी एक सांगितलं. जो माणूस कायमचा राहायला येतो त्याला त्याची त्याची जकातमाफी असते. मी तुला काय सांगितलं होतं आठवतं? “माफी एकदाच मिळते, तुझं मशीन माझ्या नावावर आताच जाऊ दे, मागून न्यायचं तर जकात बसेल.” तसा नियम कुठेच नाही. मी बसल्या जागी तो केला होता. आणि गेल्या पत्रात ‘नियम आड येतो’ लिहिलं, तेही कोणाला न विचारता. नियमाच्या आड मीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी सुनेने रजा टाकली आणि आम्ही कस्टमच्या हपिसात गेलो. तोच तरणा. त्याने मला ओळखलं, चादरीची खूण करून हसला. मी हसले नाही. सुनेला म्हटलं, “सांग, ते मशीन माझं नव्हतं. माझ्या बहिणीचं आहे. मी खोटं सांगितलं.”

सून म्हणाली, “आई, ‘चुकून’ म्हणू का?”

“चुकून झालेलं नाही ते.”

तिने सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. त्याच्याकडे माणसं खोटं बोलायला येतात, त्याची त्याला सवय आहे. खोटं बोललो म्हणून सांगायला कोणी आलं तर काय करायचं ते त्याला शिकवलेलं नसावं. कोणता कागद काढावा कळेना. आत जाऊन त्याच्या साहेबाला घेऊन आला. साहेब टकला, पोटावरून पट्टा घसरलेला. त्याने विचारलं, बहीण तुमच्या घरात राहते का? राहत होती. तुमच्यावर अवलंबून होती का? मी म्हटलं, “उलट सांग त्याला. माझा नवरा गेल्यापासून तिच्या पायमशीनवर घर चालायचं, मी नुसती तोंड चालवायची.” त्यावर तो म्हणाला, मग ती तुमच्या कुटुंबात धरता येत नाही.

कुटुंब! आमचा हा लोकांना माझी ओळख करून द्यायचा ना, “हे आमचं कुटुंब” म्हणून, आणि तू आत तोंडात पदर कोंबून हसायचीस. तेवढंच कुटुंब धरतात इथे. बायको, पोरं, आई. ज्या बाईने मला आणि माझ्या पोराला खायला घातलं तिला त्यात जागा नाही.

दंड झाला. जकातही बसली. लेकाने भरली. जेवताना तो ताटातून वर बघत नाही, पोळी हवी का विचारलं तर ताटाशी बोलतो. पण मशीनला बाहेर जायची परवानगी मिळाली. नर्सबाईंच्या पत्त्यावर येईल. मालक म्हणून तुझं नाव घातलंय. पट्टा मी नवा बसवून घेतलाय.

खोलीचं लेकाने घरमालकाशी बोलून बघितलं. तिथे नवं जोडपं आलंय, बाई पोटुशी आहे, त्यांना निघा म्हणता येत नाही. मागच्या बाजूची कोठी देतो म्हणाला. ती कोठी आहे, खोली नाही. तिला खिडकी नाही हे मला ठाऊक आहे. तरी तुझ्या नावाने धरून ठेवायला सांगितली आहे. घ्यायची की त्याच्या तोंडावर मारायची ते तू ठरव.

आता तू विचारलंस ते.

गेल्या पत्रात लिहिलं, इथे आल्यावर कळलं. तेही खोटं.

लेकाचा फोन आला तो दिवस. मी खिडकीत उभी, तू मशीनवर बसलेली, कोणाचा तरी परकर होता. तो म्हणाला, आई, तुझं झालं, तुला आणता येतंय. मी विचारलं, आणि मावशी? तो म्हणाला, मावशीचं नाही होणार. कधीच नाही होणार, तिला आशा लावू नकोस. तू मशीन थांबवून माझं तोंड बघत होतीस. तुला ऐकू येत नाही, पण तोंड वाचता येतं, म्हणून मी हसले. मान हलवली. तुला वाटलं, दोघींचं झालं. तू उठून मला मिठी मारलीस, सुई बोटाला लागली तरी तुला कळलं नाही, माझ्या पोलक्याला रक्त लागलं.

तेव्हाच सांगता आलं असतं. तू रडली नसतीस. तू म्हणाली असतीस, “जा की, ताई.” आणि तू ते अशा काही आवाजात म्हणाली असतीस की मला जाता आलं नसतं. मला जायचं होतं.

आणखी एक आहे, ते लिहायला मी सकाळपासून पेन घेऊन बसले आहे. आपल्याला लोक कधी वेगळं म्हणालेच नाहीत. लहानपणी त्या दोघी, म्हातारपणी त्या दोघी. एकच छत्री, एकच खोली, आजारपणसुद्धा पाठोपाठ. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी फक्त मला बोलावलं. धाकटे, मला बरं वाटलं. तुला आणता येत नाही हे ऐकून वाईट वाटलं, हे खरं. आणि त्याच क्षणी बरंही वाटलं, हेही खरं.

मग तू विचारायला लागलीस. माझ्या सह्या कधी? माझा फोटो कधी लागणार? आज विचारलंस, उद्या विचारलंस. तू शिंपीण आहेस, माप स्वतः घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाहीस. माझ्या शब्दावर तुझा विश्वास बसेना. काहीतरी हातात धरता येईल असं दाखवायला हवं होतं. म्हणून मशीन. ते मला इथे नको होतं, मला सुईत दोरा ओवता येत नाही. ते सामानात घातलं की तू विचारायची थांबशील, म्हणून घातलं. आणि तू थांबलीस.

सामान बांधणारे आले त्या दिवशी तू मशीनला कोणाला हात लावू दिला नाहीस. स्वतः तेल घातलंस, पुसलंस, सुई काढून चिंधीत गुंडाळलीस. तुझं जुनं लुगडं भोवती लपेटलंस. पेटीला खिळे ठोकणाऱ्याला म्हणालीस, “हळू रे भाऊ, माझ्या आधी चाललंय ते.” तो म्हणाला, “काळजी नको, मावशी, तुम्ही पोचाल तेव्हा वाट बघत असेल.” तू हसलीस आणि माझ्याकडे वळून बघितलंस.

मी दाराला टेकून उभी होते. तेव्हा मला माहीत होतं.

उत्तराची वाट बघते असं शेवटी लिहायची पद्धत आहे. मी तसं लिहीत नाही.

तुझ्याहून वयाने मोठी, बाकी कशानेही नाही.